लायब्ररीवाचून वाचन

‘फीड’ या शब्दाचा अर्थ कोंबड्या पाळणाऱ्या माणसाला विचारावा. आमच्या नाशिक जिल्ह्यात अशी माणसे पुष्कळ आहेत आणि ती कोणत्याही शब्दकोशापेक्षा स्पष्ट बोलतात. फीड म्हणजे खुराक. तो कोंबडीने मागायचा नसतो, तिच्यापुढे ओतायचा असतो. किती ओतायचा, त्यात काय मिसळायचे, हे कोंबडीला कोणी विचारत नाही. आणि तो कशासाठी ओतला जातो आहे, हे तर तिला अगदी शेवटच्या दिवशीच कळते. आता हाच शब्द बातम्यांना लावला गेला आणि सुशिक्षित, पदवीधर, आयकर भरणाऱ्या माणसांना त्यात काहीही वावगे वाटले नाही, ही गोष्ट मला फार दिवस सलत होती.

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांना पान उलटायला सोपे जाईल. कोणत्या बातम्या वाचायच्या, कुठून वाचायच्या आणि कोणत्या क्रमाने वाचायच्या हे ज्याचे त्याने ठरवावे. त्यासाठी लागणारे यंत्र अगदी छोटे असते. ज्याला जमेल त्याने ते घरी बनवावे. आणि बनवताना मीठमोहरीसुद्धा बाहेरून मागवू नये. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, बँकेत कारकून. संगणकाशी माझा संबंध कर्जखात्यावरचे व्याज आणि ‘सर्व्हर डाउन आहे, दुपारी या’ हे वाक्य, एवढाच. तरीही मी हे यंत्र बनवले आहे. एकशेचाळीस ओळींचे आहे आणि चालते. तेव्हा भांडायचा अधिकार मला आहे, असे मी समजतो.

पहिले भांडण फोनशी. माझ्या फोनवर बातम्यांचे एक ॲप होते. नाव घेत नाही, कारण सगळी एकाच मुशीतली. सकाळी उघडले की वर अक्षरे यायची, ‘खास तुमच्यासाठी’. वीस वर्षे काउंटरवर काढल्यामुळे या दोन शब्दांचा अर्थ मला नीट कळतो. आम्हीही ते गिऱ्हाइकाला म्हणतो, आणि लगेच विम्याचा फॉर्म पुढे सरकवतो.

या ॲपने माझ्याविषयी काही मते बनवली होती. शेजारच्या काकांचा मूतखडा बळावला, म्हणून त्यांच्यासाठी मी एकदा माहिती वाचली. त्यानंतर पंधरा दिवस पृथ्वीवर मूतखड्याखेरीज काही घडलेच नाही. मुलीने माझ्याच फोनवर कोणा क्रिकेटपटूच्या लग्नाचे फोटो पाहिले. त्या लग्नाची वरात माझ्या दारावरून महिनाभर जात होती. मात्र गंगापूर धरणातून पाणी सोडल्याची बुधवारची बातमी मला शुक्रवारी दुपारी मिळाली. तोपर्यंत ते पाणी जायकवाडीच्या वाटेला लागले होते. आणि जायकवाडीच्या वाटेला लागलेल्या पाण्याकडे नाशिककर कोणत्या नजरेने पाहतो, ते मी सांगायला नको.

वास्तविक पुराची बातमी कशी द्यावी, याचा धडा आमच्या गावात दगडात उभा आहे. गोदावरीला पाणी आले की नाशिककर रामकुंडाकडे जातो आणि दुतोंड्या मारुतीकडे पाहतो. गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीला लागले, एवढ्यात सगळे कळते. कोणी क्युसेकचे आकडे सांगो न सांगो, मारुतीच्या छातीला पाणी म्हटले की काठावरचा दुकानदार माल माळ्यावर चढवतो. या मारुतीचा मोठा गुण असा की तो सर्वांना सारखेच पाणी दाखवतो. तुम्हाला घोट्याएवढे पाणी आवडते म्हणून तुम्हाला घोटा, शेजाऱ्याला घाबरून घ्यायची हौस म्हणून त्याला गळा, असला प्रकार नाही. दोन तोंडे असून तो एकच गोष्ट बोलतो. फोनला तोंड एकच, पण तो घरातल्या चौघांशी चार बोलतो.

आणि फोन नुसता बोलत नाही, बघतोही. कोणत्या बातमीवर बोट किती वेळ थबकले, हे तो टिपून ठेवतो. आमच्या लहानपणी हे काम वाचनालयातल्या टेबलाकडे कोणी सोपवले नव्हते. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० सालचे, म्हणजे १८५७ च्या उठावापेक्षाही सतरा वर्षांनी वडील. सुट्टीत मी तिथे वर्तमानपत्रे वाचायला जात असे. पलीकडचे निवृत्त गृहस्थ अग्रलेखाआधी राशिभविष्य वाचायचे. ते मला दिसायचे, त्यांना मी दिसायचो, आणि प्रकरण तिथेच मिटायचे. ग्रंथपालांनी कधी त्यांच्याजवळ येऊन, ‘आपल्याला वृश्चिक राशीत रस दिसतो, ही घ्या वृश्चिकेवरची आणखी चाळीस वर्तमानपत्रे’ असे म्हटले नाही. म्हणाले असते तर त्या गृहस्थांनी वर्गणी परत मागितली असती.

वाचनालयातले ते टेबल संगणकावर मांडता येते, आणि मांडायची रीत गेल्या शतकातच ठरून गेलेली आहे. १९९९ साली नेटस्केप कंपनीने ती पहिल्यांदा काढली. तिचे नाव आरएसएस. हे नाव मी बँकेत उच्चारले तेव्हा आमचे हेडकॅशियर चष्म्यावरून पाहत म्हणाले, “तुम्ही कधीपासून शाखेत जायला लागलात?” मी म्हटले, “साहेब, वीस वर्षं शाखेतच येतोय. तुमच्या समोरच बसतो.”

या आरएसएसचा पुढे रूढ झालेला विस्तार ‘रिअली सिंपल सिंडिकेशन’ असा आहे, म्हणजे वितरणाची खरोखर सोपी पद्धत. आणि गंमत म्हणजे ती खरोखर सोपी आहे. संकेतस्थळ आपल्या ताज्या मजकुराची यादी एका ठरलेल्या पत्त्यावर ठेवते. आपण जायचे, यादी आणायची, वाचायची. कोण आला, किती वेळ थांबला, कशावर रेंगाळला, ही चौकशी त्या यादीला करताच येत नाही. ती बिचारी साधा मजकूर आहे. रिझर्व्ह बँक आपली प्रसिद्धिपत्रके आणि अधिसूचना अशा यादीने देते. बीबीसी मराठीची यादी आहे. वर्डप्रेसवर बांधलेल्या बहुतेक संकेतस्थळांच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन ‘फीड’ एवढा शब्द लिहिला की यादी हजर होते. कित्येकदा ती तिथे आहे हे खुद्द मालकालाही ठाऊक नसते.

“पण ते आरएसएस केव्हाच मेलं ना?” असे विचारणारे लोक भेटतात. त्यांचा समज गूगलवरून झालेला असतो. गूगलने २००५ साली अशा याद्या वाचायचे ‘रीडर’ काढले, पुष्कळांना त्याची सवय लावली, आणि १ जुलै २०१३ रोजी ते बंद केले. गावातली मोठी खानावळ बंद झाली म्हणून भात शिजायचा थांबला, असे म्हणण्यापैकीच हे आहे. आज जी मंडळी कानात बोंडे घालून पॉडकास्ट ऐकत जॉगिंग ट्रॅकवर फिरतात, त्यांच्या त्या पॉडकास्टचे नवे भागही बहुतांशी याच आरएसएसच्या यादीतून कळतात. मेलेला माणूस इतके काम करीत असेल तर त्याला आमच्या शाखेत घ्यायला हवे.

आता यंत्राकडे वळू. यादी उघडून पाहिली तेव्हा मला परक्या मुलखात आल्यासारखे वाटलेच नाही. दर बातमीचा एक ‘आयटम’. त्यात शीर्षक, दुवा, थोडक्यात मजकूर, तारीख आणि एक ओळखक्रमांक. म्हणजे काय? म्हणजे व्हाउचर! मजकूर हे नॅरेशन, ओळखक्रमांक हा व्हाउचर नंबर. सहा संकेतस्थळांच्या सहा याद्या म्हणजे सहा डे-बुके. ती एका खतावणीत उतरवायची, तारखेने लावायची, एकच व्हाउचर दोनदा पोस्ट झाले असेल तर नंबर पाहून एक काढून टाकायचे. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आम्हाला हेच शिकवले. फक्त तेव्हा त्याला सॉफ्टवेअर म्हणत नव्हते.

भानगड थोडी तारखेची. आरएसएसमधली तारीख ई-मेलच्या १९८२ सालच्या नियमाने लिहितात, आधी वार, मग दिवस, मग महिना. ‘ॲटम’ नावाची याचीच धाकटी बहीण आहे, ती वर्ष आधी लिहिते. शिवाय पुष्कळ याद्यांत वेळ ग्रिनिचची असते, त्यात साडेपाच तास मिळवावे लागतात. पण दोन शाखांनी दोन तऱ्हांनी लिहिलेल्या तारखा जुळवण्यात ज्याची हयात गेली, त्याला ग्रिनिचचे काय? ब्राउझरला तारीख दिली की तो दोन्ही तऱ्हा ओळखतो, आणि साडेपाच तासही स्वतःच मिळवतो.

इथपर्यंत आलो आणि हिंजवडीहून भाचा आला. तो सॉफ्टवेअर इंजिनियर. माझी वही पाहून म्हणाला, “मामा, कुठली लायब्ररी वापरताय?”

“सार्वजनिक वाचनालय. १८४० सालचं.”

“ती नाही हो!”

मग त्याने मला समजावले. त्यांच्या जगात लायब्ररी म्हणजे दुसऱ्याने आधीच लिहून ठेवलेल्या कामांची पुडी. यादी वाचायची एक पुडी, तारीख लावायची एक पुडी, पडद्यावर दाखवायची एक पुडी. “स्वतः कशाला लिहायचं? सगळं तयार मिळतं.” असे म्हणून त्याने माझ्या संगणकाला एक आज्ञा दिली. पुड्या उतरू लागल्या. त्याने मागवल्या होत्या चार. पण प्रत्येक पुडीला आणखी पुड्या लागत होत्या, त्यांना आणखी. वऱ्हाडात नवरदेवाच्या मित्राच्या मेहुण्याचा शेजारीही येतो, त्यातला प्रकार. हिने चहा आणला तेव्हा आकडा हजारावर गेला होता. मी विचारले, “यातल्या किती तू वाचल्यास?” तो म्हणाला, “मामा, असं कोणी वाचत नसतं.”

वाचकहो, माझे दुसरे भांडण या वाक्याशी आहे. आमच्याकडे न वाचता सही करणाऱ्या कारकुनाला चार्जशीट मिळते.

हजार अनोळखी माणसांच्या भरवशावर घर उभे केले की काय होते, याचा दाखला मार्च २०१६ चा आहे. जावास्क्रिप्ट भाषेतल्या पुड्यांचे ‘एनपीएम’ नावाचे मोठे कोठार आहे. त्यात ‘लेफ्ट-पॅड’ नावाची अकरा ओळींची पुडी होती. तिचे काम काय, तर एखाद्या मजकुराच्या डाव्या बाजूला रिकामी जागा किंवा शून्ये भरून त्याची लांबी वाढवणे. म्हणजे खातेक्रमांक ४५२ असेल तर ००००४५२ करणे. हे काम आमचा दफ्तरी चहा पिता पिता करतो. पुडीच्या कर्त्याचे एका नावावरून कोठारवाल्यांशी बिनसले आणि त्याने आपल्या सगळ्या पुड्या उचलून नेल्या. झाले! ज्यांना ही पुडी आपल्या घरात आहे याची कल्पनाही नव्हती, अशांची हजारो कामे जगभर अडली, नावाजलेल्या कंपन्यांचीसुद्धा. शेवटी काही तासांत कोठारवाल्यांनी ती पुडी स्वतःच परत मांडली. पुढे २०१७ साली हे शून्य भरणे त्या भाषेतच घालण्यात आले. अकरा ओळींसाठी जग खोळंबले, कारण अकरा ओळी स्वतः लिहिणे हे कमीपणाचे वाटत होते!

हे ऐकून भाचा म्हणाला, “म्हणजे तुम्ही घरी पापड लाटणार?” हो. मला चार पापड हवे आहेत, कारखाना टाकायचा नाही. त्याच्या कंपनीत पन्नास माणसे एकच काम करतात, हजारो गिऱ्हाइके असतात, त्यांना पुड्या लागत असतील. मला सहा याद्या वाचायच्या आहेत, आणि वाचणारे आम्ही घरातले चौघे. यादी आणायला ब्राउझरमध्ये ‘फेच’ आहे; तिचे कप्पे वेगळे करायला ‘डीओएमपार्सर’ आहे; तारीख आहे, क्रम लावणे आहे. हे सारे ब्राउझरबरोबर फुकट येते. घरात पोळपाट-लाटणे असताना शेजारी मागायला जाऊ नये, एवढेच माझे म्हणणे.

एक अडचण मात्र खरी आहे. आपल्या पानावरचा कार्यक्रम परक्या संकेतस्थळाचे उत्तर वाचू लागला, तर त्या संकेतस्थळाची परवानगी असल्याखेरीज ब्राउझर ते वाचू देत नाही. मला हा नियम पटला. आम्हीही दुसऱ्या शाखेची खाती अधिकारपत्राशिवाय दाखवत नाही. उपाय शाखेतलाच केला. शिपाई नेमला. पायथन भाषेत तीसेक ओळींचा हा शिपाई माझ्याच संगणकावर बसतो, याद्या आणतो आणि पानाच्या हातात देतो. त्याच्याकडे सहा पत्ते लिहून दिले आहेत. सातव्या दारी तो जात नाही. दारात जाऊन आधी विचारतो, ‘मागच्या खेपेनंतर काही नवं आहे का?’ नसेल तर तिकडून ३०४ क्रमांकाचे उत्तर येते, त्याचा अर्थ ‘नाही, या’, आणि हा रिकाम्या हाताने परततो. इतका सभ्य शिपाई मी उभ्या नोकरीत पाहिला नाही.

“पण पायथनबरोबर जे येतं तीही लायब्ररीच ना, मामा?” भाच्याने पकडले. बरोबर आहे. पण मिसळणाच्या डब्यातली मोहरी आणि रोज एकेका फोडणीसाठी बाहेरून मागवलेली मोहरी यांत फरक आहे. डबा घरात असतो, त्यातले काय काय आहे ते ठाऊक असते, आणि मोहरीवाला रुसला म्हणून आपली आमटी अडत नाही.

भाच्याच्या बाजूचेही सांगितले पाहिजे, नाहीतर भांडण एकतर्फी होईल. कुलूप आणि तिजोरी घरी बनवू नये. पैशांचे व्यवहार, संकेतशब्द, गुप्तलेखन ही कामे जाणकारांनी लिहिलेल्या, पुष्कळांनी तपासलेल्या सामानानेच करावीत. आमची बँक उद्या माझ्या एकशेचाळीस ओळींवर चालू लागली तर मीच पहिला माझी ठेव मोडीन. घरच्या यंत्रातही दक्षता हवी. यादीतून आलेला मजकूर पानावर निव्वळ अक्षरे म्हणून छापायचा, आज्ञा म्हणून पाळायचा नाही. गिऱ्हाइकाने पैसे भरायच्या स्लिपवर ‘मला एक लाख द्या’ असे लिहिले, तर आम्ही ते वाचतो, देत नाही. एवढे ध्यानात ठेवले की पुरे.

आता यंत्र काय करते? सकाळी उघडले की सहा ठिकाणच्या नव्या बातम्या दिसतात. नंतरची वर, आधीची खाली. चित्र नाही, लाल ठिपका नाही, ‘हे वाचून तुम्हाला धक्का बसेल’ नाही. आणि शेवटी मी स्वतः घातलेले वाक्य येते : ‘आज एवढेच.’ त्याखाली काहीही नाही. बोट कितीही ओढा. बातम्या संपतात, ही गोष्ट आपण विसरलोच होतो. वर्तमानपत्राला शेवटचे पान असायचे. ते वाचले की माणूस दाढीला उठायचा. फोनवरच्या बातम्यांना शेवटचे पान नाही, म्हणून कित्येकांची दाढी तशीच राहते.

मुलीने परवा विचारले, “बाबा, कुठली बातमी वर ठेवायची हे याला कसं कळतं?” मी तिला ती ओळ दाखवली. एकच ओळ आहे; दोन तारखांची वजाबाकी. तिला ती समजली, आणि ती आठवीत आहे.

साऱ्या भांडणाचे मूळ इथे आहे. आमच्या काउंटरवर कोणीही खातेदार येऊन विचारू शकतो, ‘माझे व्याज कसे लावले?’ आणि आम्हाला ते मांडून दाखवावे लागते. कुरकुरत का होईना, दाखवतो. चारशे रुपयांच्या व्याजाचा हिशेब मागणारा हाच माणूस, आपल्या डोक्यात रोज कोणत्या हिशेबाने काय भरले जाते हे कधी विचारत नाही. आणि विचारायचे ठरवले तर कुठल्या काउंटरवर विचारणार? त्या ॲपला काउंटरच नाही. ज्या नियमाने जग आपल्यापुढे मांडले जाते, तो नियम आपल्याला वाचता आला पाहिजे. निदान वाचायला मागता आला पाहिजे. माझा नियम एका ओळीचा आहे, ढोबळ आहे, कधीकधी लासलगावच्या कांद्याच्या भावाखाली महायुद्धाची बातमी ढकलतो. पण तो माझ्या घरात आहे, आणि आठवीतल्या मुलीला वाचता येतो.

हे सगळे ज्यांना कटकटीचे वाटेल त्यांच्याशी माझे वैर नाही. याद्या वाचणारी तयार यंत्रेही मिळतात, त्यांतले एखादे घ्या. पण कोणते सहा पत्ते त्यात घालायचे ते स्वतः लिहा. तेही जमत नसेल तर सरळ उठा आणि सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसा. तिथली लायब्ररी वापरायला माझी काहीएक हरकत नाही.